झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड वाढवून गॅस सेन्सर: काच धुण्यापासून पीपीएमच्या हिशोबापर्यंत

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला गॅस सेन्सर विषय घेतला की सगळे मटेरियलच्या मागे पळतात, सेमचे (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) फोटो झकास यायला पाहिजेत म्हणून जीव टाकतात, आणि मग शेवटी घाईघाईत चिपला दोन वायरी चिकटवून सेन्सिंग उरकतात. खरं तर उलटं पाहिजे. रॉड, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या नॅनोमीटरमध्ये मोजायच्या जाडीच्या दांड्या, वाढवणं हा यातला सोपा भाग आहे, ९० अंशाच्या पाण्यात वाढतात ते, व्हॅक्युम नको की महागडं केमिकल नको. मेहनत लागते ती सीड लेअरला (रॉड ज्यावर रुजतात त्या बीजाच्या थराला), काँटॅक्टला आणि मोजमापाला. म्हणून या लेखात रॉडची रेसिपी पूर्ण देतोय, पण जास्त वेळ मी बाकीच्या गोष्टींवरच घालवणार आहे.

झिंक ऑक्साइडच का? एक तर हा या धंद्यातला सगळ्यात जुना भिडू. १९६२ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात सेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्मचा रेझिस्टन्स गॅसमुळे बदलतो हे दाखवलं, आणि त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट टाकलं, ज्याच्यातून पुढे फिगारो कंपनी उभी राहिली. आज ऑनलाइन मिळणारे स्वस्तातले एमक्यू-२, एमक्यू-३ सेन्सर त्याच टिन ऑक्साइडच्या घराण्यातले. दुसरं म्हणजे झिंक ऑक्साइडचा स्फटिक एका दिशेने जास्त वेगाने वाढतो, त्यामुळे रॉड बनवायला साचा वगैरे काही लागत नाही. आणि तिसरं, आपल्याकडच्या विद्यापीठांत केमिकल बाथ डिपॉझिशन (द्रावणात बुडवून थर चढवणं) कुणाला नवीन नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तर थिन फिल्मची परंपराच आहे, त्यामुळे अडलं तर विचारायला माणूस सापडतो.

आधी आत काय घडतं ते थोडक्यात

हे समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावरून होतो. गरम झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि बसताना आतला इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. त्यामुळे पृष्ठभागालगतचा काही नॅनोमीटरचा थर इलेक्ट्रॉनवाचून कोरडा पडतो आणि रेझिस्टन्स वाढतो. इथेनॉल, अ‍ॅसिटोन, एलपीजी, हायड्रोजन असला रिड्युसिंग (ऑक्सिजन ओढून घेणारा) गॅस आला की तो या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्ट होतो, अडकलेले इलेक्ट्रॉन परत आत जातात, रेझिस्टन्स उतरतो. नायट्रोजन डायऑक्साइड आला तर उलटं, तो स्वतःच इलेक्ट्रॉन खेचतो, रेझिस्टन्स अजून वर जातो. झिंक ऑक्साइड एन-टाइप आहे, म्हणजे त्यात करंट इलेक्ट्रॉन वाहतात; कॉपर ऑक्साइड किंवा निकेल ऑक्साइडसारखं पी-टाइप, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांनी करंट वाहणारं मटेरियल घेतलं तर या सगळ्याच्या दिशा उलट्या होतात, तेव्हा तुमच्या चिपने इथेनॉलला रेझिस्टन्स वाढवून दाखवला तर आधी वायरींना दोष देण्यापेक्षा मटेरियल नक्की काय बनलंय ते बघा.

तापमान का लागतं तर साधारण १५० अंशाच्या खाली ऑक्सिजन अख्ख्या रेणूच्या रूपात बसलेला असतो आणि तसा सुस्त असतो, त्याच्या वर तो एकेकट्या अणूच्या आयनात जातो आणि तो चपळ असतो. फार तापवलं तर गॅस पृष्ठभागावर टिकतच नाही. म्हणून प्रत्येक गॅसला रिस्पॉन्स एका मधल्या तापमानाला सगळ्यात जास्त येतो, इथेनॉलला झिंक ऑक्साइडवर बहुतेकदा ३०० ते ४०० अंशाच्या पट्ट्यात.

नॅनो कशासाठी, तर कोरडा पडणारा थर पातळ असतो, म्हणून कणही तेवढाच बारीक असेल तर अख्खा कण स्विच होतो. १९९१ मध्ये यामाझोए यांच्या गटाने टिन ऑक्साइडवर हे दाखवलं, कण ६ नॅनोमीटरच्या आसपास आणि खाली गेला की रिस्पॉन्स एकदम चढतो. आपले रॉड ५० ते १०० नॅनोमीटर जाड असणार, म्हणजे पूर्ण कोरडे होणार नाहीत. रॉडला रॉड जिथे टेकतो ते सांधे इथे जास्त काम करतात. ही गोष्ट डोक्यात ठेवा, कारण एकमेकांना न टेकणारे, सुटे सुटे, सरळ उभे, फोटोत देखणे दिसणारे रॉड सेन्सर म्हणून फालतू निघू शकतात.

सबस्ट्रेट आणि इलेक्ट्रोड

सगळ्यात चांगलं म्हणजे अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या चिपवर छापलेले सोन्याचे एकमेकांत गुंफलेले कंगवे, इंटरडिजिटेटेड इलेक्ट्रोड, कंगव्याच्या दातांमधलं (यांना बोटं म्हणतात) अंतर १०० ते २०० मायक्रॉन. हे तयार मिळतात. बजेट नसेल तर साधी मायक्रोस्कोपची स्लाइड कापा आणि शॅडो मास्क (कापलेल्या आकाराचा पत्रा) लावून सोनं स्पटर करून घ्या, म्हणजे व्हॅक्युममध्ये त्याचा पातळ थर बसवून घ्या, खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा पातळ थर द्यायला सांगा नाहीतर सोनं काचेवरून सालासारखं निघतं. साधी सोडा-लाइम काच ५०० अंशाच्या पलीकडे नेऊ नका, वाकायला लागते, आणि तापवताना तिच्यातलं सोडियम वर फिल्ममध्ये घुसतं ते वेगळंच.

एक गोष्ट ठासून सांगतो. सोलर सेलवाल्या मित्राकडची एफटीओ काच उरली आहे म्हणून ती वापरू नका. एफटीओ म्हणजे फ्लोरिन घातलेलं टिन ऑक्साइड, ते स्वतः मस्त कंडक्ट करतं, करंट सगळा त्याच्यातून जाणार, तुमचे रॉड वर नुसते उभे राहणार आणि मीटरवर पाच-पंचवीस ओहम दिसणार. मध्ये लेझरने किंवा एचिंगने पट्टा कापून दोन भाग वेगळे केले असतील तरच ती चालेल.

धुणं

साबणाच्या पाण्याने हाताने घासा, मग डीआय (क्षार काढलेलं) पाणी, मग अ‍ॅसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), प्रत्येकात १० मिनिटं अल्ट्रासोनिकमध्ये, आणि नायट्रोजनने सुकवा. अ‍ॅसिटोन चिपवर वाळू देऊ नका, ओली असतानाच आयपीएत टाका, नाहीतर डाग राहतात. झालं का हे बघायची सोपी पद्धत म्हणजे चिपवर डीआय पाण्याचा थेंब टाका, सपाट पसरला तर ठीक, गोळा होऊन बसला तर तेलकटपणा आहे, परत धुवा. क्रोमिक अ‍ॅसिड लॅबमध्ये पडलेलं असतं म्हणून ते काढायची काही गरज नाही, विषारी आहे, आणि या कामाला इतकं लागतच नाही.

सीड लेअर

रॉडची जाडी, दाटी, ते सरळ उभे राहणार की वाकडेतिकडे, हे सगळं बाथमध्ये ठरतं असं लोकांना वाटतं, पण बरंचसं इथेच ठरून गेलेलं असतं. उघड्या काचेवर झिंक ऑक्साइड सहज धरत नाही, धरलं तरी कुठेतरी झुपके येतात. म्हणून आधी झिंक ऑक्साइडच्याच बारीक कणांचा थर द्यायचा.

झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट ५५ मिलीग्रॅम, ५० मिली अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉलमध्ये. म्हणजे साधारण ५ मिलीमोलर. लगेच विरघळत नाही, स्टररवर ठेवा, थोडं कोमट केलं तरी चालेल पण हॉटप्लेटवर उघडं उकळू नका. स्पिरिट किंवा पाणी मिसळलेलं इथेनॉल नको, द्रावण गढूळ होतं आणि सीड गुठळ्यांनी बसतं.

इलेक्ट्रोडचे जे पॅड आहेत, जिथे पुढे वायर लावायची, ते कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या पिवळट टेपने) झाका. आता चिपवर एक-दोन थेंब, चिप पूर्ण ओली होईल इतके, दहा सेकंद थांबा, स्वच्छ इथेनॉलने धुवा, नायट्रोजनने सुकवा. हे चार-पाच वेळा. मग टेप काढून घ्या आणि भट्टीत ३५० अंशाला २० मिनिटं. टेप काढायचीच, तिचा गोंद इतकं तापमान सोसत नाही, जळून काळा डाग पडतो आणि तो निघता निघत नाही. थर इतका पातळ असतो की डोळ्याला काहीच दिसायला नको. पांढुरका धुरकट थर दिसला तर जास्त झालंय, धुण्यात कुचराई झालीय. स्पिन कोटर असेल तर तो वापरा, जास्त एकसारखं येतं, पण नसेल तर अडून बसू नका.

सीडचे कण बारीक आणि दाट असले तर रॉड बारीक, दाट, सरळ उभे येतात. विरळ असले तर जाड आणि वाकडे येतात, एकमेकांना आडवे टेकतात. सांध्यांचं जे वर म्हटलं त्यामुळे सेन्सरसाठी मी स्वतः थोडं विरळ सीड पसंत करतो, दोन-तीन कोटवर थांबतो. पण सुरुवातीला चार-पाचचं नीट जमवा आणि मग कमी करत बघा.

बाथ

१०० मिलीसाठी झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट ०.७४४ ग्रॅम आणि हेक्सामिन ०.३५० ग्रॅम, म्हणजे दोन्ही प्रत्येकी २५ मिलीमोलर, समसमान. दोन्ही वेगवेगळ्या बीकरमध्ये ५०-५० मिली डीआय पाण्यात विरघळवा आणि मग एकत्र करा. पाण्यात झिंक नायट्रेट आणि हेक्सामिन घेऊन रॉड वाढवायची ही पद्धत वेसिएर यांच्या २००३ च्या पेपरमुळे जगभर पसरली आणि अजून सगळे तीच घोटतायत, कारण चालते.

पावसाळ्यात काम करत असाल तर झिंक नायट्रेटच्या बाटलीकडे जरा बघा. हे मीठ हवेतलं पाणी इतकं ओढतं की जुलैमध्ये बाटली चार वेळा उघडली की आतले खडे ओलसर, मग चिखलासारखे होतात, आणि तुम्ही ०.७४४ ग्रॅम म्हणून जे तोलता त्यात बरंचसं पाणीच असतं. बाटली डेसिकेटरमध्ये ठेवा, पटकन तोला, आणि ओली झालेली बाटली सरळ बाजूला काढा. मे महिन्यात जमलेली रेसिपी ऑगस्टमध्ये बिघडली म्हणून बाकी सगळं बदलत बसण्याआधी हे तपासा.

हेक्सामिनचं काम काय, तर ते गरम पाण्यात हळूहळू फुटतं आणि अमोनिया सोडतं, त्यामुळे द्रावणात हायड्रॉक्साइड एकदम न येता संथपणे येत राहतं, म्हणून स्फटिकाला शिस्तीत वाढायला वेळ मिळतो. थेट कॉस्टिक सोडा ओतलात तर क्षणात पांढरा साका. पण हेक्सामिन फुटताना फॉर्माल्डिहाइडसुद्धा निघतं, ते कॅन्सरकारक आहे, त्यामुळे बाटली गार झाल्यावरच आणि फ्युम हुडमध्येच उघडा. वास येत नाही म्हणून काही नाही असं समजू नका.

या तापमानाला टेफ्लॉनवालं ऑटोक्लेव्ह लागत नाही, निळ्या झाकणाची बोरोसिलची बाटली पुरते. ऑटोक्लेव्हच वापरायचा असेल तर दोन-तृतीयांशच भरा आणि गरम असताना कधीही उघडू नका.

चिप ठेवायची ती सीडची बाजू खाली करून, तिरकी, बाटलीच्या भिंतीला टेकवून. बाजू वर ठेवली तर द्रावणात आपोआप बनलेले कण वरून बर्फासारखे पडत राहतात आणि रॉडवर गाळ बसतो. सेममध्ये रॉडच्या वर मोठमोठे षटकोनी ओंडके लोळताना दिसले की समजायचं चिप उताणी होती.

तापमान ९० अंश, वेळ तीन तास. मात्र तीन तास कधीपासून मोजायचे? ओव्हन ९० दाखवतोय याचा अर्थ बाटलीतलं पाणी ९० ला आहे असा नाही, हवेच्या ओव्हनमध्ये १०० मिली पाणी तापायला बराच वेळ जातो. वॉटर बाथ किंवा ऑइल बाथ वापरला तर हा गोंधळ कमी होतो. ओव्हनच असेल तर निदान दर वेळी तीच बाटली, तेवढंच पाणी आणि तोच कप्पा ठेवा, म्हणजे चूक असली तरी प्रत्येक वेळी सारखी असेल. तीन तासांत रॉड साधारण एका मायक्रॉनच्या आसपास उंच होतात. त्याहून लांब हवे असतील तर नुसता वेळ वाढवून उपयोग नाही, द्रावणातलं झिंक संपत आलेलं असतं, ताजं द्रावण घेऊन चिप परत बुडवावी लागते.

बाहेर काढल्यावर कोमट डीआय पाण्याने भरपूर धुवा, हेक्सामिनचे अवशेष राहिले तर पुढे तापवताना जळून कार्बन राहतो. अल्ट्रासोनिकमध्ये टाकायचा मोह टाळा, रॉड उपटून येतात. पॅडवर रॉड चढले असतील तर अगदी पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा, झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं, सोनं राहतं. फक्त बड पिळून घ्या, थेंब कंगव्याकडे ओघळला तर तेवढे रॉड गेले. बाटलीच्या तळाची पांढरी पावडर गोळा करून ठेवा, धुवून सुकवून एक्सआरडीला (एक्स-रेने स्फटिक ओळखायच्या चाचणीला) उपयोगी पडते, पण ती पावडर म्हणजे तुमची फिल्म नव्हे, रिपोर्टमध्ये दोघांची सरमिसळ करू नका. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, फॉर्माल्डिहाइड आणि झिंक दोन्ही आहे त्यात, वेस्टच्या कॅनमध्ये टाका.

अ‍ॅनीलिंग, म्हणजे भट्टीत तापवून स्फटिक पक्का करणं, ४५० अंशाला एक ते दोन तास, मिनिटाला ३ ते ५ अंशाच्या वेगाने चढवून, आणि भट्टी आपोआप गार होऊ द्या. यामागचा नियम साधा आहे, सेन्सर ज्या तापमानाला चालवायचा त्याच्या वर अ‍ॅनील केलेला पाहिजे, नाहीतर तो चालता चालताच अ‍ॅनील होत राहतो आणि बेसलाइन (गॅस नसतानाचा रेझिस्टन्स) रोज सरकते.

बनलं की नाही ते बघणं

एक्सआरडीमध्ये ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशाला पीक यायला हवेत. रॉड सरळ उभे असतील तर ३४.४ चा, म्हणजे (००२) चा पीक बाकीच्यांना दाबून टाकतो. सगळीकडे शेररचं सूत्र लावून ‘क्रिस्टलाइट साइज’ काढतात, काढा, ३४.४ ला रुंदी ०.३ अंश असेल तर उत्तर २८ नॅनोमीटर येईल, पण हा आकडा रॉडची जाडी सांगत नाही, उभ्या दिशेची सुसंगती सांगतो, आणि मशिनची स्वतःची रुंदी वजा केली नसेल तर तेही धड सांगत नाही. व्हायव्हाला यावरच पकडतात.

एफई-सेमसाठी (जास्त बारीक दाखवणाऱ्या सेमसाठी) नंबर लावावा लागतो, मुंबईत आयआयटीच्या सैफला, म्हणजे तिथल्या सामायिक उपकरण केंद्राला, बाहेरचे सॅम्पल घेतात. काच मागून हिऱ्याच्या पेनने ओरखडून तोडा आणि कापलेली कड दाखवा, नुसत्या वरून घेतलेल्या फोटोत लांबी कळत नाही. सेमसाठी सोन्याचा कोट मारतात, त्यामुळे सेन्सरची चिप तिकडे पाठवायची नाही, त्याच बाथमधली जोडीची चिप पाठवा. एका बाथमध्ये नेहमी दोन-तीन चिप ठेवायच्या त्या यासाठीच.

वायर, हीटर, सर्किट

साधी सिल्व्हर पेस्ट खोलीच्या तापमानाला मस्त, ३०० अंशाला तिचा भरवसा नाही, आणि व्होल्टेज असताना चांदी हळूहळू सरकते, कधी कधी दोन बोटांमध्ये पूल बांधून टाकते. सोन्याच्या पॅडवर दाब देणारी स्प्रिंगची टोकं किंवा जास्त तापमानाची पेस्ट वापरा. आधी उणे ५ ते अधिक ५ व्होल्टपर्यंत आय-व्ही (व्होल्टेजप्रमाणे करंटचा ग्राफ) काढा. सरळ रेघ आली तर पुढे जा. वाकडी आली तर तुम्ही रॉड नाही, काँटॅक्ट मोजताय.

तापमान कंट्रोलरवर ३५० दिसतं तेव्हा चिपचा वरचा पृष्ठभाग त्याहून बराच गार असू शकतो, कारण थर्मोकपल हीटरला लागलेलं असतं आणि वरून हवा खेळत असते. जादाच्या एका चिपवर बारीक के-टाइप थर्मोकपल सिरॅमिक पेस्टने चिकटवून एकदा तक्ता करून ठेवा, कंट्रोलर इतका तर चिप इतकी. हे काम एका दुपारचं आहे.

मोजायला पिकोअँमीटर किंवा सोर्समीटर असेल तर उत्तमच. नसेल तर व्होल्टेज डिव्हायडर (सेन्सरच्या ओळीत एक ठरावीक रेझिस्टर, म्हणजे लोड) आणि अर्डुइनोवर भागतं, पण एक अडचण आहे. गार असताना झिंक ऑक्साइडचा रेझिस्टन्स कित्येक मेगाओहम असू शकतो, त्याच्या जोडीला लोडही मेगाओहमचा लावावा लागतो, आणि अर्डुइनो उनोच्या अ‍ॅनालॉग पिनला १० किलोओहमच्या आतला सोर्स अपेक्षित असतो. थेट जोडलंत तर रीडिंग येतं पण वाट्टेल ते येतं. मध्ये फेट इनपुटचा (इनपुटला जवळजवळ करंट न ओढणारा) ऑप-अँप बफर म्हणून टाका, दहा-वीस रुपयांपासून मिळतो, तेवढ्याने काम होतं. बोर्डावरचा फ्लक्स आयपीएने पुसून काढा, मेगाओहममध्ये तो फ्लक्ससुद्धा रेझिस्टर होऊन बसतो.

हिशोब असा. ५ व्होल्ट सप्लाय, लोड १ मेगाओहम, हवेत लोडवर ०.५ व्होल्ट दिसले तर सेन्सर ५ भागिले ०.५ वजा १, म्हणजे ९ मेगाओहम. गॅसमध्ये २.५ व्होल्ट झाले तर सेन्सर १ मेगाओहम. आता रिस्पॉन्स किती? हवेतला भागिले गॅसमधला म्हटलं तर ९. फरक भागिले हवेतला म्हटलं तर ८९ टक्के. फरक भागिले गॅसमधला म्हटलं तर ८०० टक्के! तिन्ही व्याख्या पेपरमध्ये सापडतात, म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करायच्या आधी त्याने कुठली घेतलीय ते बघा आणि स्वतःची स्पष्ट लिहा.

आणि प्रकाश. झिंक ऑक्साइडवर खिडकीतलं ऊन पडलं तरी रेझिस्टन्स पडतो, आणि ऊन गेल्यावर तो लगेच परत येत नाही, तासन् तास रेंगाळतो. चाचणी म्हणून याचा उपयोगही होतो, यूव्ही टॉर्च मारल्यावर रीडिंग हललं नाही तर करंट रॉडमधून जातच नाहीये. पण मोजताना चेंबर काळ्या कापडाने झाका, विशेषतः कमी तापमानाला काम करत असाल तर.

चेंबर आणि पीपीएम

गरीबाचा चेंबर म्हणजे १० लिटरचा काचेचा डबा, आत हीटर, छोटा पंखा, आणि सिरिंज खुपसायला रबरी बूच (सेप्टम). सांधे बंद करायला सिलिकॉन सीलंट फासू नका. त्यातून निघणारी सिलिकॉनची वाफ गरम ऑक्साइडवर बसते, तिथे सिलिका तयार होते आणि सेन्सर कायमचा मंदावतो. व्हिटॉनची ओ-रिंग किंवा टेफ्लॉन वापरा.

सुरुवात इथेनॉलने करा. २७ अंशाला १ मोल वायू साधारण २४.६ लिटर भरतो, म्हणजे १० लिटरमध्ये ०.४०६५ मोल हवा, १०० पीपीएम (दहा लाखात १०० भाग) पाहिजे तर त्याचा दहा हजारावा भाग इथेनॉल, गुणिले ४६.०७, भागिले घनता ०.७८९, उत्तर २.४ मायक्रोलिटरच्या जवळपास. अ‍ॅसिटोनसाठी तोच हिशोब ३.० मायक्रोलिटर देतो. हे आतल्या एका छोट्या गरम पत्र्यावर सोडायचं म्हणजे लगेच वाफ होते, आणि पंखा चालू.

मायक्रोसिरिंजनेच सोडा, ड्रॉपरने अजिबात नाही. इथेनॉलची हवेतली स्फोटाची खालची मर्यादा ३.३ टक्के आहे, आणि १० लिटरच्या डब्यात ती गाठायला ०.८ मिलीसुद्धा पुरतं. बाजूला ३५० अंशाचा हीटर आहे हे विसरू नका. हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड यांचे सिलिंडर आणायचे तर फ्युम हुड, गळतीचा अलार्म आणि अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय नको. हायड्रोजन सल्फाइडचा वास तर १०० पीपीएमच्या आसपास नाकाला कळेनासाच होतो, म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं इथे नसतं.

पैसे असतील तर मास फ्लो कंट्रोलर (गॅसचा प्रवाह मोजून सोडणारं उपकरण) घ्या. १०० पीपीएमच्या सिलिंडरमधून मिनिटाला ५० मिली आणि कोरडी हवा ४५० मिली, झाले १० पीपीएम. बंद डब्यात गॅस भिंतींना चिकटतो, सेन्सर त्याला जाळत राहतो, रिकव्हरीसाठी झाकण उघडावं लागतं, त्यामुळे डब्यातला रिकव्हरी टाइम हा खरं तर तुमच्या हाताचा वेग असतो. रिपोर्टमध्ये तो सेकंदात दशांशापर्यंत लिहिलेला बघितला की हसू येतं.

मोजमाप कसं घ्यायचं

नवी चिप कामाच्या तापमानाला रात्रभर हवेत तापवत ठेवा, बेसलाइन स्थिर होईपर्यंत काहीही मोजू नका. मग एकाच कॉन्सन्ट्रेशनला, समजा १०० पीपीएम, २०० पासून ४०० अंशापर्यंत २५-२५ अंशांनी रिस्पॉन्स काढा, घुमटासारखा ग्राफ येईल, त्याचं शिखर म्हणजे तुमचं तापमान. त्या तापमानाला मग १० ते २०० पीपीएम चढत्या आणि उतरत्या दोन्ही क्रमाने. एकाच क्रमाने घेतलं तर ड्रिफ्ट आणि रिस्पॉन्स वेगळे करता येत नाहीत. अधूनमधून इथेनॉलऐवजी तेवढंच डीआय पाणी सोडून बघा. त्यालाही जवळजवळ तितकाच रिस्पॉन्स आला तर तुम्ही इथेनॉल नाही, आर्द्रता मोजत होतात.

कोकणात, कोल्हापूर-सांगलीकडे पावसाळ्यात हा मुद्दा डोकेदुखी होतो. पाण्याची वाफ पृष्ठभागावरच्या जागा अडवते, बेसलाइन खाली येते, रिस्पॉन्सही घटतो. डब्यात आर्द्रतेचा छोटा सेन्सर ठेवा आणि प्रत्येक रीडिंगच्या शेजारी टक्केवारी लिहा. लॅबची हवा सरळ वापरण्यापेक्षा सिलिका जेलमधून काढलेली वापरा, आणि जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवा.

किमान तीन चिप, त्याही दोन वेगवेगळ्या बाथमधल्या. एका चिपच्या आकड्यावर पेपर लिहिला जातो हे मला माहितेय, पण तुम्ही निदान स्वतःपुरतं तरी बघा की चिप बदलली की रिस्पॉन्स किती बदलतो. सिलेक्टिव्हिटीसाठी अ‍ॅसिटोन, मिथेनॉल, अमोनिया, एलपीजी सगळे त्याच तापमानाला, त्याच पीपीएमला. नुसतं झिंक ऑक्साइड इथेनॉल आणि अ‍ॅसिटोनमध्ये फारसा भेद करत नाही, तसंच आलं तर ते लपवू नका.

पॅलेडियम घालायचं असेल तर

साधे रॉड मोजून झाले, की पुढची पायरी म्हणून बहुतेक जण वर पॅलेडियमचे कण बसवतात, म्हणजे हायड्रोजनसाठी तापमान उतरतं आणि रिस्पॉन्स वाढतो. इथे एक खड्डा आहे. पॅलेडियम क्लोराइड पाण्यात धड विरघळत नाही म्हणून लोक त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालतात, आणि ते द्रावण रॉडवर टाकतात, आणि रॉड खाल्ले जातात, कारण झिंक ऑक्साइडला आम्ल चालत नाही हे इअरबडच्या वेळी आपण बघितलंच. त्यापेक्षा पॅलेडियम अ‍ॅसिटेट अ‍ॅसिटोनमध्ये, फार पातळ, रंग जेमतेम पिवळसर दिसेल इतकंच, एक थेंब चिपवर, सुकू द्या, मग ३५० अंशाला अर्धा तास. हवेत तापवल्यामुळे कण बहुतेक पॅलेडियम ऑक्साइडचे असतील, चालतं.

जास्त घालू नका. कण एकमेकांना टेकले की त्यांच्यातूनच करंट जायला लागतो आणि सेन्सर मरतो. एका थेंबानंतर मोजा, मग दुसरा थेंब, मग परत मोजा, आणि हे सगळं त्याच चिपवर करा जिचे साधे असतानाचे आकडे तुमच्याकडे आधीपासून आहेत.